क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय नोंदणी: मिळवावी कशी, टिकवावी कशी

मानसशास्त्रात एम.ए. झालं म्हणजे आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असं मानणारे विद्यार्थी आणि पालक अजूनही पुष्कळ भेटतात. तसं नसतं. आपल्या देशात ही पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव असावं लागतं. १९९२ च्या आरसीआय कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल, पण अर्धवट शिकलेल्या माणसानं काढलेला एक चुकीचा आयक्यू मुलाच्या शाळेपासून दिव्यांगत्वाच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे आडवा येतो. नोंदणीकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहू नका, असं मी कळकळीनं सांगते ते यामुळेच.

१. फी भरण्याआधी मान्यता तपासा

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कॉलेजच्या माहितीपत्रकात अभ्यासक्रमाच्या नावात 'क्लिनिकल' असलं, तरी त्याला आरसीआयची मान्यता असेलच असं नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचं नाव, नेमका अभ्यासक्रम, मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि जागा किती, या चारही गोष्टी पाहा. संस्था मान्यताप्राप्त आहे पण तुमचा अभ्यासक्रम नाही, असंही घडतं. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

वर्षानुवर्षं हा रस्ता ठरलेला होता: एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था (सीआयपी), पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्यातली परिचित नावं. यूजीसीनं एम.फिल. ही पदवी बंद केली, तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत सवलत दिली. त्यामुळे आता प्रवेश घेणाऱ्यांनी सीनियर विद्यार्थ्यांच्या अनुभवावर विसंबू नये. साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट, आहे, परिषदेचे नवे अभ्यासक्रमही येत आहेत. ताजी यादी पाहूनच ठरवा. एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा केलेल्यांची नोंद 'असोसिएट' म्हणून होते, हा फरक आधीच समजून घ्या.

पत्रव्यवहारानं एम.ए. करण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायकांना हा निर्णय जड गेला असेल, याची मला जाणीव आहे. तरी समोर पेशंट न बसवता हे काम शिकता येत नाही, हेही खरं.

२. प्रवेश परीक्षा

लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. विकृती मानसशास्त्र, संख्याशास्त्र, मानसमापन आणि मेंदूची रचना पक्की करा. मुलाखतीत एखादी केस देऊन 'आणखी काय विचाराल?' असं विचारतात. तिथे निदान सांगायची घाई करू नका.

३. प्रशिक्षणाची वर्षं आणि लॉगबुक

खरी तयारी वॉर्डात आणि ओपीडीत होते. केस हिस्ट्री, मानसिक स्थितीची तपासणी, चाचण्या, थेरपीची सेशन्स या सगळ्याची नोंद लॉगबुकमध्ये होते आणि सुपरव्हायझर सही करतात. ती सही त्याच आठवड्यात घ्या. सुपरव्हायझर बदलले की मागच्या सह्यांसाठी फार वणवण होते.

चाचण्या शिकताना हात बसू द्या. आपल्याकडे रोज वापरली जाणारी बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. 'मिसिक' ही मुलांचीच दुसरी बुद्धिमापन चाचणी नागपूरच्या डॉ. मालिन यांची. बिने-कामत घेताना आधी आधार वय शोधायचं, म्हणजे ज्या वयाचे सगळे प्रश्न मूल सोडवतं ते. मग वर जात राहायचं, एखाद्या वयाचे सगळे प्रश्न चुकेपर्यंत. या दरम्यान मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. 'ठाव न्हाई' म्हणालं तर तेच लिहा, 'उत्तर दिले नाही' असं नको. 'ठाव न्हाई' म्हणणारं मूल आणि गप्प बसून आईकडे पाहणारं मूल यांना गुण सारखेच मिळतात, पण रिपोर्ट सारखा होत नाही.

४. नोंदणीचा अर्ज

अर्ज ऑनलाइन असतो. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या गुणपत्रिका, पदवी, ओळखपत्र, फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा. अडतं ते बहुधा नावावर. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आधीच हाताशी ठेवा. नंबर मिळाला की तो प्रत्येक रिपोर्टवर सहीखाली लिहायची सवय लावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवतं. ती वेगळी करावी लागते. याच कायद्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे. तो परवान्याइतकाच गांभीर्यानं घ्या. पेशंटच्या फाइली कुलपात हव्यात, आणि रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सल्ला विचारणं बंद करा.

५. नूतनीकरण

प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. तेवढ्या काळात सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाचे, ठरलेले गुण जमवावे लागतात. गुण फक्त आरसीआयनं आधी मान्यता दिलेल्या कार्यशाळांना आणि परिषदांना मिळतात. म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकांकडून मंजुरीचं पत्र मागा. दरवर्षी थोडे थोडे गुण घ्या, तेही कामाला येतील अशा विषयांत: स्वमग्नता, व्यसनमुक्ती, आत्महत्या प्रतिबंध. शेवटच्या वर्षी मिळेल त्या वेबिनारला बसून गुण भरतात, पण ओपीडीत त्याचा उपयोग होत नाही. मुदत संपायच्या सहा महिने आधी पोर्टलवर लॉगइन करून गुण जमा झालेत का ते पाहा. एखाद्या कार्यशाळेचे दिसत नसतील तर प्रमाणपत्राची प्रत घेऊन आधी आयोजकांना गाठा. हजेरीची यादी त्यांच्याकडे असते.