पर्माकल्चर घरात कसं आणायचं: सवयी बदलण्याआधी जागा बदला

मी कंपोस्ट सुरू केलं तेव्हा डबा जिन्याखाली ठेवला होता, कारण तिथे तो कुणाच्या नजरेस पडत नव्हता. पहिले दहा-बारा दिवस रोज इमानेइतबारे खाली जाऊन सालं टाकली, मग एक दिवसाआड, मग पाऊस होता म्हणून राहिलं, मग राहूनच गेलं, आणि दीड महिन्यात डब्यात नुसता वास मारणारा चिखल. आपल्यात चिकाटीच नाही असं वाटायला लागलं. नंतर पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाकडे बघून शेताची-घराची मांडणी करायची पद्धत, आणि तिच्यातली झोनची कल्पना, म्हणजे जे जास्त वेळा लागतं ते जास्त जवळ, नीट समजली आणि तोच डबा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, ओट्यापासून चार पावलांवर आणून ठेवला, शेजारी वाळक्या पानांची एक पिशवी. त्याला आता चार वर्षं झाली, एकदाही बंद पडला नाही. माझी चिकाटी होती तेवढीच आहे, अंतर तेवढं कमी झालं.

पर्यावरणाला जपून राहायचं म्हटलं की आपण आधी स्वतःला शिस्त लावायला निघतो, आणि मग जमलं नाही की स्वतःलाच बोल लावतो. पर्माकल्चर उलट बाजूने सुरू होतं, आधी मांडणी बघा म्हणतं. योग्य गोष्ट करणं सगळ्यात सोपं पडेल अशी जागा लावली की निश्चयाचं ओझं बरंच हलकं होतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते, फार नाही. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी ही विचारपद्धत मांडली, १९७८ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. पर्मनंट आणि अ‍ॅग्रिकल्चर हे दोन शब्द जोडून नाव तयार झालं, म्हणजे कायम टिकणारी शेती, आणि पुढे त्यातल्या कल्चरचा अर्थ शेतीपुरता न राहता सगळ्या जगण्यापर्यंत पसरला. पाया तीन गोष्टींचा: जमिनीची काळजी, माणसांची काळजी, आणि गरजेपुरतं घेऊन उरलेलं परत वाटणं. २००२ मध्ये होल्मग्रेन यांनी १२ तत्त्वं मांडली, आज बहुतेक ठिकाणी तीच शिकवतात. ती १२ पाठ करत बसू नका, मी इथे बाराच्या बारा घेणारही नाहीये, घरात खरोखर कामाला येतात तेवढीच घेते.

आधी सात दिवस काहीच बदलू नका

पहिलं तत्त्व निरीक्षणाचं आहे आणि लोक नेमकं तेच गाळतात. जमीन घेतली की लगेच खणायला लागू नये, आधी ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, वारा कुठून झोंबतो हे बघावं, जमल्यास वर्षभर, म्हणजे सगळे ऋतू बघून होतात. घरासाठी वर्षभर थांबायची गरज नाही, एक आठवडा पुरतो. एक साधी वही घ्या आणि चारच गोष्टी लिहा: घरात काय आलं, घरातून काय बाहेर गेलं, तुम्ही कुठे आणि किती वेळ बसता-उठता, आणि दिवसात कधी दमता. कचऱ्यात काय टाकलं ते रोज लिहा, लाज न बाळगता लिहा, कारण खरी माहिती तिथेच मिळते. माझ्या वहीत चौथ्या दिवशी कळलं की वाया जाणारं जवळजवळ सगळं अन्न फ्रिजच्या सगळ्यात खालच्या, मागच्या कोपऱ्यातून निघतंय, म्हणजे आम्ही जास्त आणतो हा माझा समज अर्धाच खरा होता, खरी अडचण ते दिसत नाही ही होती. उरलेलं अन्न डोळ्यांसमोरच्या कप्प्यात, पारदर्शक डब्यात ठेवायला लागलो आणि फेकणं बरंच कमी झालं. वही नसती तर मी खरेदी कमी करण्याचा निश्चय करत बसले असते आणि तो कोपरा तसाच राहिला असता.

झोन: जे रोज लागतं ते हाताशी

ही माझी सगळ्यात आवडती कल्पना, म्हणून जरा सविस्तर. पर्माकल्चरमध्ये जागेचे ० ते ५ असे झोन करतात. ० म्हणजे घर. १ म्हणजे दाराबाहेरची जागा जिथे दिवसातून अनेकदा पाय पडतो, तिथे रोज खुडायची पानं, रोपं, ज्यांना सतत लक्ष लागतं ते. २ मध्ये फळझाडं, कोंबड्या वगैरे, ३ मध्ये मोठी पिकं, ४ मध्ये लाकूड-चारा, आणि ५ म्हणजे रान, जिथे आपण काही करत नाही, फक्त बघायला आणि शिकायला जातो. झोन ठरतो तो फुटांवर नाही, तुम्ही तिथे किती वेळा जाता आणि त्या गोष्टीला किती वेळा तुमची गरज लागते यावर. रोज वाटेत लागत असेल तर वीस पावलांवरची जागाही १ मध्ये येते, आणि कधी उघडतच नसाल तर हाताजवळचा माळाही ४ मध्ये.

आता कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि रोज ज्या वाटेने फिरता ती पेन्सिलने गिरवा. काही रेषा जाड होतील, काही कोपऱ्यांत रेघच जाणार नाही. मग बघा, ज्या सवयी लावायच्या आहेत त्यांचं सामान जाड रेषेवर आहे का? कापडी पिशवी कपाटात असेल तर ती घरीच राहणार, तिची जागा चपलांच्या वर, खुंटीवर. पाण्याची बाटली जिथे किल्ली ठेवता तिथे. शिवणाचा डबा माळ्यावर असेल तर उसवलेला शर्ट महिनोन्महिने पडून राहणार आणि शेवटी फेकला जाणार, तो डबा जिथे संध्याकाळी बसता तिथे आणा. कुंड्या गच्चीत सुंदर दिसतात पण तिथे आठवड्यातून एकदाच जात असाल तर नाजूक रोपं तिथे नकोत, चिवट झाडं ठेवा आणि नाजूक खिडकीत आणा.

याच्या उलटही करायचं. जे कमी करायचंय त्याला झोन ४ मध्ये ढकला. खरेदीची अ‍ॅप्स मोबाईलच्या पहिल्या पानावर असतील तर ती तुमच्या झोन १ मध्ये आहेत, दिवसातून पन्नास वेळा त्यांच्यावरून हात जातो. अ‍ॅप काढून टाका, हवंच असेल तेव्हा ब्राउझरमधून लॉगिन करा, सेव्ह केलेलं कार्ड पुसून टाका. तेवढ्या दोन मिनिटांच्या खटपटीत निम्म्या वेळा कळतं की ती वस्तू नकोच होती.

काही जण झोन ०० असाही एक धरतात, म्हणजे आपण स्वतः, आणि मला हे फार पटतं. झोप, पाठदुखी, मनाची अवस्था हे सगळं त्यात. दमलेला माणूस सगळ्यात सोपं ते उचलतो आणि बहुतेक वेळा ते पॅकेटमधलं, एकदा वापरून फेकायचं असतं. माणसांची काळजी हे तत्त्व तीन पायांपैकी एक आहे आणि त्या माणसांत तुम्हीही आलात.

पाणी आणि वीज, आकडे स्वतः काढा

छतावर पडणारं पाणी मोजायचं गणित सोपं आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटर, थोडं उडून-सांडून जातं, तरी पिंप भरायला भरपूर. पावसाचं पाणी साठवायला परवानगी आणि जागा असेल तर पिंपाला झाकण आणि बारीक जाळी हवीच, नाहीतर डास होतात, आणि हे पाणी झाडांना आणि धुण्याला, न शुद्ध करता प्यायला नाही. छत नाही? गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाहून जातं त्याखाली बादली ठेवा, भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला. गळका नळ असेल तर रात्री खाली भांडं ठेवा आणि सकाळी मोजा, त्यानंतर वॉशर बदलायला कुणी सांगावं लागत नाही.

विजेचंही तसंच. ५ वॅट खाणारं एखादं यंत्र नुसतं प्लगला लावून वर्षभर तसंच ठेवलं तर साधारण ४४ युनिट जातात. कुठलं किती खातं हे प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरवर दिसतं, असा मीटर मिळाला तर एक दिवस घरभर फिरवा. आणि मग परत मांडणीच: टीव्ही, सेटटॉप, स्पीकर एकाच बोर्डावर आणि त्या बोर्डाचं बटण झोपायला जायच्या वाटेवर.

पर्माकल्चरमध्ये स्वतःला आवर घालणं आणि फीडबॅक स्वीकारणं हे एक तत्त्व आहे, आणि मला वाटतं घरात त्याचं सगळ्यात सोपं रूप म्हणजे मीटरचं रीडिंग महिन्यातून एकदा स्वतः लिहून ठेवणं. बिल आलं की आपण फक्त रक्कम बघतो, युनिट बघत नाही.

कचरा नाही, चुकीच्या जागी पडलेला माल

कंपोस्टबद्दल लोक घाबरतात ते वासाने, आणि वास येण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, ओलं जास्त आणि हवा कमी. हवा नसली की वेगळे जिवाणू काम करतात आणि कुबट वास सुटतो. सूक्ष्मजीवांना कार्बन (तो वाळक्या पाल्यात जास्त) आणि नायट्रोजन (तो ओल्या सालींत जास्त) साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात, पण घरी कुणी हे मोजत नाही, तुम्ही एक वाटी ओल्या सालींवर दोन-तीन वाट्या वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा टाका, पुठ्ठ्यावर चकचकीत प्लास्टिकचा थर नको. आठवड्यातून एकदा काठीने खालवर करा. मूठभर दाबून बघा, पिळलेल्या स्पंजइतका ओलावा हवा, पाणी गळलं तर पाला घाला, भुगा झाला तर पाणी शिंपडा. शिजलेलं तेलकट अन्न आणि मांस लहान डब्यात नको, उंदीर-माशा येतात. बाल्कनीही नसेल तर गांडुळांचा छोटा डबा सिंकखाली राहतो, पण मग पुठ्ठ्याचे तुकडे जास्त आणि थेट ऊन नाही एवढं पाळा.

कंपोस्टपेक्षाही आधीचा प्रश्न असतो की हे घरात आलंच का. वहीत बाहेर गेलेल्या गोष्टींची यादी आहे ना, त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या एकाच गोष्टीवर काम करा. एकाच. महिनाभर. पर्माकल्चरला छोटे आणि सावकाश उपाय आवडतात, आणि त्याला कारण आहे, छोटं चुकलं तर दुरुस्त करता येतं. एका रविवारी सगळं घर प्लास्टिकमुक्त करायला निघालात तर धडधाकट डबे फेकून काचेचे विकत आणाल, आणि चांगल्या वस्तू फेकणं हा स्वतःच मोठा अपव्यय आहे. आहे ते झिजेपर्यंत वापरा.

एक वस्तू, अनेक कामं, आणि एका कामाला अनेक आधार

शेतात कोंबडी अंडी देते, किडे खाते, जमीन उकरते, खत देते, म्हणून तिची किंमत. घरातही नवीन काही आणण्याआधी विचारा, हे किती कामं करेल? पायी ऑफिसला जाणं म्हणजे प्रवास, व्यायाम आणि वाटेतल्या माणसांशी ओळख, तिन्ही एकत्र. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची, महत्त्वाच्या गरजेला एकापेक्षा जास्त आधार हवेत. मिळकत एकाच ठिकाणाहून, आधार एकाच मित्राचा, प्रवास फक्त गाडीने, असं असलं की एक दोरा तुटला तर सगळं उसवतं. एखादी दुरुस्ती शिकून घेणं, शेजाऱ्यांशी शिडी-ड्रिल वाटून वापरणं, हे पण आधारच.

उत्पन्न मिळालं पाहिजे असंही एक तत्त्व आहे, आणि त्याग म्हणून हे सगळं करणाऱ्यांनी ते जरूर लक्षात घ्यावं. तुम्हाला काही मिळत नसेल तर तुम्ही सोडून देणार. वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाका, पहिलं पान खुडलं की त्याच दिवशी खा, शेजारी मदतीला आले तर तो वेळ पण कमाईत धरा. आणि जास्तीचं झालं, रोपं असोत, कपडे असोत की मोकळा शनिवार, ते साठवण्याऐवजी पुढे द्या, तिसरा पाया तोच आहे.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात वही, पुढच्या आठवड्यात नकाशा, आणि तिसऱ्या आठवड्यात फक्त तीन वस्तूंच्या जागा बदला. महिनाभर काही नवीन नको. मग परत वही उघडा. ज्या वस्तूला नव्या जागीही हात लागला नाही ती अजून लांब आहे, ती परत हलवा. ऋतू बदलला की नकाशा परत काढायचा, कारण वाटा बदलतात, उन्हाळ्यात आमचा कंपोस्टचा डबा भिंतीच्या सावलीत दोन फूट सरकतो, ऊन पडलं की वरचा थर वाळतो आणि कुजणं थांबतं, आणि थंडी सुरू झाली की मी तो परत दाराशी ओढते.