सामान्य वर्ग की स्वतंत्र वर्ग: मुलासाठी निर्णय कसा घ्यावा

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाला सर्वांबरोबर सामान्य वर्गात बसवावे की स्वतंत्र वर्गात, या प्रश्नाचे उत्तर पालकांकडून बहुधा एका बैठकीत आणि एका शब्दात मागितले जाते. ते तसे देऊ नये. मुलाचा शाळेतला दिवस तासातासाने पाहावा आणि प्रत्येक तासाला त्याला काय शिकायला मिळते, हे विचारावे.

सुरुवात नोंदींनी करावी. मूल कोणत्या कामात रमते, कोणत्या आवाजाने बिथरते, सूचना ऐकून समजते की चित्र दाखवल्यावर, कोणाशी आपणहून बोलते, हे काही दिवस रोज लिहून ठेवावे. निदानाच्या नावावरून वर्ग ठरवणे चुकीचे आहे, कारण स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या दोन मुलांपैकी एकाला गणितात कोणतीही मदत लागत नसेल, तर दुसऱ्याला मधल्या सुट्टीतला गोंगाटच असह्य होत असेल.

त्यानंतर सामान्य वर्गाचा विचार आधी करावा. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने हाच क्रम घालून दिला: आवश्यक साधने आणि मदत देऊनही सामान्य वर्गात समाधानकारक शिक्षण होत नसेल, तरच मुलाला वेगळे काढावे. म्हणून शाळेने नकार दिला, तर कोणती मदत देऊन पाहिली, हे नेमकेपणाने विचारावे. इटलीने १९७७ च्या कायद्याने वेगळे वर्ग बंद केले, तेव्हा सामान्य वर्गात आधार-शिक्षकही दिले. मदत न देता मुलाला नुसते बाकावर बसवणे म्हणजे समावेशन नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क समितीनेही २०१६ मध्ये हा फरक स्पष्ट केला: शाळा आहे तशीच ठेवून मुलाने तिच्याशी जुळवून घ्यावे, हे एकात्मीकरण, आणि शिकवण्याची पद्धत व आशय बदलणे, हे समावेशन.

शक्य असल्यास वर्गात बसून निरीक्षण करावे. शिक्षक या मुलाला प्रश्न विचारतात का, आणि गटकामात त्याच्या वाट्याला खरे काम येते की केवळ कागद वाटण्याचे, हे पाहावे. मदतनीस व्यक्तीकडे तर विशेष लक्ष द्यावे. ती सतत मुलाला चिकटून बसत असेल, तर शिक्षक नकळत त्याला तिच्यावर सोपवून मोकळे होतात आणि सोबतची मुलेही दूर राहतात. माझ्या मते समावेशन बहुतेक वेळा इथेच फसते.

स्वतंत्र वर्ग पाहताना तिथली शांतता आणि लहान गट यांवर समाधान मानू नये. अभ्यासक्रम कोणता आहे, विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण कोणते, आणि या वर्गातून किती मुले सामान्य वर्गात परत गेली, हे विचारावे. मात्र असा वर्ग कमी दर्जाचाच असतो, असेही मानू नये. ज्या शाळेत कोणालाही सांकेतिक भाषा येत नाही, तिथे एकटे कर्णबधिर मूल चाळीस मुलांमध्येही एकाकी असते. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या सोबत्यांचा वर्ग त्याला भाषा देतो, आणि भाषेवाचून पुढचे शिक्षण अडते.

अनेकदा मधला मार्ग योग्य ठरतो: दिवसाचा बराच भाग सामान्य वर्गात आणि वाचन किंवा गणितासाठी ठरावीक वेळ संसाधन कक्षात, म्हणजे विशेष शिक्षक एकेका मुलाला किंवा लहान गटाला शिकवतात त्या खोलीत. यात कोणता तास बुडणार, हे आधी विचारून घ्यावे. चित्रकलेत किंवा खेळात ज्याचे कौतुक होते, त्या मुलाला नेमके त्याच तासाला बाहेर नेणे अन्यायाचे आहे.

जे ठरेल ते वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी शाळा आणि पालक मिळून करतात त्या लेखी योजनेत, लिहून घ्यावे. उद्दिष्टे मोजता येण्यासारखी असावीत: ‘वाचन सुधारेल’ असे न लिहिता, किती ओळींचा उतारा कोणाच्या मदतीने आणि केव्हापर्यंत वाचेल, हे लिहावे. फेरआढाव्याची तारीख आणि सामान्य वर्गात परतण्याच्या अटी स्वतंत्र वर्गात प्रवेश घेण्यापूर्वीच नोंदवाव्यात. सही करण्याआधी मुलालाही विचारावे, बोलता येत नसेल तर तासांची चित्रे समोर ठेवून: कोणत्या तासाची तू वाट पाहतोस, आणि कोणता नकोसा वाटतो? त्याचे उत्तर त्याच आराखड्यात, त्याच्याच शब्दांत किंवा त्याने निवडलेल्या चित्रांसह, लिहावे.