ग्वाल्हेरचा किल्ला पायी कसा पाहावा

पुण्या-नागपुराकडचे पाहुणे ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात आमच्याकडे उतरले की त्यांचा बेत बहुधा ठरलेलाच असतो : मोटारीने उरवाई घाटीतून वर जायचे, मानमंदिर, सास-बहू आणि तेली मंदिर पाहायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतायचे. या बेतात पूर्वेकडची जुनी चढणीची वाट तेवढी राहून जाते, आणि जाणकारांना दूरदेशाहून इथवर आणणारा शिलालेख नेमका त्याच वाटेवर आहे. म्हणून किल्ला पूर्वेने पायी चढावा आणि पश्चिमेने उरवाईतून उतरावा. दिवस ऑक्टोबर ते मार्चमधला निवडावा, कारण मे-जूनमध्ये येथील दगड दहा वाजताच तापू लागतो.

सकाळी शक्य तितक्या लवकर किला गेट गाठावे. लष्करातील महाराज बाडा या चौकातून तेथे रिक्षा मिळते. लवकर जाण्याचे कारण निव्वळ गारवा नाही. मानमंदिराचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख असल्यामुळे त्यावरील फरशांचे रंग कोवळ्या उन्हातच खुलतात. पाणी भरपूर घ्यावे, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. ही वाट वाहनांसाठी नाही. आलमगीर दरवाजातून आत शिरल्यावर उजवीकडे गूजरी महाल लागतो, पण त्यातील संग्रहालय इतक्या सकाळी उघडलेले नसते, म्हणून तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

चढ तीव्र आहे, तेव्हा घाई करू नये. गणेश दरवाजा ओलांडल्यावर, लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे, एकाच खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. येथे थांबावे, आणि चांगले पंधरा-वीस मिनिटे थांबावे. आतल्या भिंतीवरील इ. स. ८७६ च्या लेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेची नोंद आहे : बाग २७० हात लांब आणि १८७ हात रुंद असून तिच्यातून देवाला रोज ५० माळा पोहोचाव्यात. या २७० आणि ५० मधील शून्ये भारतात दगडावर कोरलेल्या, काळ निश्चित ठाऊक असलेल्या अतिशय जुन्या शून्यांपैकी आहेत. जवळून पाहिल्यास २ आणि ७ आपल्या ओळखीच्या वळणाचे दिसतात; शून्य मात्र त्यांच्या शेजारी अगदी बारीक वर्तुळासारखे कोरलेले आहे, आणि कोणी दाखवून दिल्याशिवाय ते सहसा नजरेत भरत नाही. गणिताच्या इतिहासातला हा ऐवज माळ्याच्या हिशेबात सापडावा, याची मला दर वेळी गंमत वाटते.

हत्ती पोळ या दरवाजातून वर पोहोचले की मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने बांधलेले मानमंदिर समोर येते. आधी बाहेरच उभे राहून निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांतली बदकांची रांग, हत्ती आणि केळीची झाडे शोधावीत; मग तिकीट काढून आत जावे. तिकीट जपून ठेवावे. आत दोन चौक असून त्यांच्याखाली तळघराचे दोन मजले आहेत, तेथे मोबाइलची बॅटरी उपयोगी पडते. मोगलांनी या किल्ल्याचा राजकैद्यांसाठी तुरुंग केला होता आणि औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१ मध्ये येथेच मारण्यात आले.

तेथून दक्षिणेकडे चालत सास-बहू मंदिरांकडे जावे. कच्छपघात घराण्यातील राजा महीपाल याच्या काळात, १०९३ मध्ये, पूर्ण झालेल्या मोठ्या मंदिराचे शिखर आता नाही. तरी मंडपाच्या मधोमध उभे राहून छत अवश्य पाहावे.

पश्चिमेच्या अंगाला तेली मंदिर आहे. सुमारे तीस मीटर उंचीच्या या मंदिराचा माथा नेहमीच्या निमुळत्या शिखराऐवजी लांबट, अर्धगोल पाठीचा आहे. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात असताना या मंदिरात काही काळ सोडावॉटरचा कारखाना होता, हे ऐकून पाहुणे हमखास हसतात. पुढे १८८१ नंतर इंग्रजांनीच त्याची डागडुजी केली आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला शिंद्यांना परत मिळाला. जवळच शिखांचे गुरू हरगोविंद यांच्या बंदिवासाची स्मृती जपणारा दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. दुपारी तेथे डोके झाकून लंगरमध्ये जेवावे.

जेवणानंतर उरवाईने उतरावे. या रस्त्यावर मोटारी येतात, तेव्हा कडेने चालावे. दोन्ही बाजूंच्या कड्यांत डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमर यांच्या काळात, पंधराव्या शतकात, कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. त्यांपैकी सर्वांत उंच आदिनाथाची मूर्ती ५७ फुटांची आहे. बाबराच्या हुकमाने या मूर्तींची तोडफोड झाली. काहींची मुखे पुढे जैन समाजाने पुन्हा घडवून घेतली, आणि नीट पाहिल्यास जुन्या-नव्या कामातला फरक ओळखता येतो.

त्याच दिवशी जयविलास कोंबू नये; थकलेल्या पायांनी राजवाड्याची दालने पाहण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा किला गेटकडे येऊन गूजरी महाल पाहावा आणि तेथून हजिरा भागातील सूफी संत महंमद घौस यांची जाळीदार कबर व तिच्या आवारातील तानसेनाची साधी समाधी पाहावी. गूजरी महालातील ग्यारसपूरची शालभंजिका ही प्रसिद्ध स्त्रीमूर्ती कुलपात ठेवलेली असते, म्हणून तिकीट काढतानाच ती पाहायची आहे असे सांगून ठेवावे.