माइकमधून घरघर येते म्हणून साउंड कार्ड घेताय? आधी या चुका टाळा

माझी ताई दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास ऑनलाइन घेते, आणि गेल्या वर्षी रोज संध्याकाळी मुलांचा एकच मेसेज, मॅडम मागे घुंऽऽ आवाज येतोय. तिने कुणीतरी सांगितलं म्हणून पेनड्राइव्हएवढं यूएसबी साउंड कार्ड मागवलं, लावलं, आणि घुंऽऽ तसाच. मग ते बदलून दुसरं. तरी तेच. रविवारी मी गेलो, ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू केलं, कुणी काहीच न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड केले, मग लॅपटॉपचा चार्जर काढला आणि परत दहा सेकंद, तर घुंऽऽ गायब! चार्जर थ्री पिनचा होता पण एक्स्टेंशन बोर्डात बसत नाही म्हणून त्याला टू पिनचा कन्व्हर्टर लावलेला, म्हणजे अर्थिंगच नाही. तोच चार्जर भिंतीतल्या अर्थिंगवाल्या सॉकेटमध्ये लावला आणि चार्जिंग चालू असतानाही आवाज स्वच्छ.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, आवाज कसला आहे ते न ऐकता डिव्हाइस घ्यायचं. यूएसबी साउंड कार्ड लॅपटॉपच्या आतल्या साउंड चिपला बाजूला करतं, पण त्याचा ग्राउंड लॅपटॉपचाच असतो, त्यामुळे चार्जरमधून येणारा आवाज त्या कार्डातूनही तसाच आत येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा आवाज जाड, एकसुरी असतो, ५० आणि १०० च्या आसपासचा. लॅपटॉपच्या मेटल बॉडीला हात लावल्यावर तो कमी-जास्त झाला की समजा अर्थिंगची भानगड आहे. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर असतानाच येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा, आणि पंख्याचा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या स्पीडला असताना येत असेल तर पंखा बंद करून किंवा फुल स्पीडला ठेवून बघा, यातलं काहीही साउंड कार्डाने सुटणार नाही.

मग साउंड कार्ड नक्की कशाला लागतं? माउस हलवला, पेज स्क्रोल केलं की बारीक ची-ची ऐकू येते, ते लॅपटॉपच्या आतलं इलेक्ट्रिकल नॉइज, तिथे बाहेरचं कार्ड खरंच फरक पाडतं. आणि दुसरं म्हणजे सतत येणारा सस्स, पावसासारखा. तो बहुतेक वेळा कमकुवत सिग्नल जबरदस्तीने मोठा केल्याचा असतो. विंडोजमध्ये मायक्रोफोन बूस्ट बरेचदा +२० किंवा +३० डीबीवर (डेसिबलवर) असतो, आणि बूस्ट तुमच्या आवाजाबरोबर सस्सलाही तेवढंच वाढवतो. आधी बूस्ट शून्यावर आणा, माइक तोंडाच्या एक वीत अंतरावर आणा, आणि मग ऐका. ताईच्या बाबतीत अर्थिंग झाल्यावर थोडा सस्स उरला होता, तो मात्र त्याच दुसऱ्या यूएसबी कार्डाने आणि बूस्ट कमी करून गेला, म्हणजे कार्ड वाया नव्हतंच, ते चुकीच्या दुखण्यावर लावलं होतं.

आता निवडताना होणारी चूक, आणि यात पैसे फार जातात, माइक कुठला आहे ते न बघता डिव्हाइस. शर्टाला लावायच्या छोट्या कॉलर माइकला चालायला जॅकमधूनच दोन-पाच व्होल्ट लागतात. लोक चांगलं मोठं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मोठे माइक आणि गिटार जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड घेतात, त्यात ३.५ मिमीचा, हेडफोनसारखा माइक जॅक नसतो, मग कन्व्हर्टर लावून कॉलर माइक गिटारच्या मोठ्या भोकात घालतात, तिथून ते व्होल्ट मिळतच नाहीत, आवाज येत नाही नाहीतर अगदी क्षीण येतो, आणि मग गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचा नॉब, फुल केला की नुसता सस्स. उलट बाजूने, स्टुडिओसारखा दिसणारा, तीन पिनांच्या गोल कनेक्टरचा (एक्सएलआर) कंडेन्सर माइक घेऊन तो सोबत आलेल्या ३.५ च्या वायरने लॅपटॉपला लावायचा. या माइकना सहसा ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरमधूनच जाणारी वीज लागते, लॅपटॉप ते देत नाही. इथे ४८ व्ही लिहिलेलं बटण असलेलं इंटरफेस आणि दोन्हीकडे एक्सएलआर असलेली वायर लागते, आणि त्याचा फायदा असा की ही बॅलन्स्ड वायर वाटेत घुसलेली गुणगुण बरीचशी स्वतःच काढून टाकते.

जॅकवरचे काळे पट्टे मोजा. दोन असतील तर नुसता माइक किंवा नुसता हेडफोन, तीन असतील तर मोबाइलसारखा, हेडफोन आणि माइक एकाच पिनमध्ये. ज्या यूएसबी कार्डाला गुलाबी आणि हिरवं अशी दोन भोकं आहेत त्यात तीन पट्ट्यांचा मोबाइलवाला माइक सरळ घातला तर आवाज येणारच नाही कारण माइकचा कॉन्टॅक्ट तिथे ग्राउंडला जातो, आणि लोक कार्ड खराब म्हणून परत पाठवतात. मोबाइल हेडसेटसाठीचा स्प्लिटर लावला की काम होतं.

डॅक (डिजिटल आवाज ऐकण्याजोगा करणारं डिव्हाइस) म्हणून जे विकतात ते नीट वाचून घ्या. बरेचसे डॅक फक्त ऐकण्यासाठी असतात, माइकचं इनपुटच नसतं. खोक्यावर ३२ बिट ३८४ किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणून माइक सुधारत नाही, बोलण्याच्या आवाजाला ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. आणि स्वस्त कार्डांवरचं ७.१ हे स्पीकरच्या बाजूचं आहे, माइकशी त्याचा काही संबंध नाही.

इंटरफेस घेत असाल तर दोन आकडे बघा. एक गेन किती डीबी. शुअर एसएम७बी सारख्या डायनॅमिक (फँटम पॉवर न लागणाऱ्या) माइकला कंपनीच किमान ६० डीबी गेन सांगते, आणि फोकसराइट स्कारलेट सोलो या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत ५६ आहे, म्हणजे हळू बोलणाऱ्या माणसाला नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागणार. दुसरा आकडा ईआयएन, प्रीअँपचा (इंटरफेसमधल्या सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा) स्वतःचा आवाज, तो उणे १२८ डीबीयूच्या आसपास असेल तर उत्तम, जितका जास्त उणे तितकं चांगलं. कंडेन्सर माइकचा सिग्नल मुळातच मोठा, त्याला इतका गेन लागत नाही.

घेतल्यावर दोन चुका हमखास होतात. डिव्हाइस लावलं पण मीट किंवा झूमच्या सेटिंगमध्ये इनपुट अजून लॅपटॉपचा आतला माइकच असतो. बाहेरच्या माइकवर नखाने खरवडा, लेव्हलचा पट्टा हलला नाही तर दुसराच माइक चालू आहे. आणि झूममधलं माइक व्हॉल्यूम आपोआप ॲडजस्ट करणारं सेटिंग काढून टाका, नाहीतर तुम्ही थांबलात की ते हळूहळू आवाज वाढवत खोलीतला पंखासुद्धा ऐकवतं. तडतड येत असेल तर डिव्हाइस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, विशेषतः ४८ व्होल्ट चालू असेल तेव्हा, कारण ती सगळी पॉवर त्या एका यूएसबीतूनच येते.

पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, रिकाम्या खोलीचा घुमणारा आवाज, हे माइक खरंच ऐकतोय, ते कुठल्याही कार्डाने जात नाही. पडदा लावा, गादीच्या बाजूला बसा, माइक जवळ घ्या.

परत करायची मुदत संपायच्या आत एक टेस्ट कराच. रोज जिथे बसता तिथेच, चार्जर लावून, नेहमीच्या आवाजात बोलून सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डीबीच्या जवळ येईल असा गेन ठेवा, मग दहा सेकंद गप्प बसा आणि रेकॉर्डिंगचा तो भाग बघा. उणे ६० च्या खाली असेल तर झकास, उणे ५० पर्यंत क्लाससाठी चालून जाईल, उणे ४० दिसला तर चार्जर काढून परत तेच करा.