मिरची-टोमॅटोची रोपं घरी करताय? या चुका टाळा

"रोज न चुकता पाणी घातलं, तरी रोपं मेली." 'तरी' नाही हो, म्हणूनच मेली.

ओळखीतल्या एका गृहस्थांचा मिरचीचा ट्रे असा गेला. उगवण सुरेख झाली होती. मग एके सकाळी कोपऱ्यातली चार-पाच रोपं आडवी दिसली. मातीला टेकतो तिथे देठ पाणचट होऊन सुतासारखा बारीक झालेला. पाणी कमी पडलं असं समजून त्यांनी झारीभर आणखी ओतलं आणि ऊन लागू नये म्हणून ट्रेवर प्लास्टिकही घातलं. दोन दिवसांत ट्रे साफ! याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या रोगकारकांना सतत ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की हे होतं. आडवं झालेलं रोप उठत नाही. ते काढून टाकायचं, पाणी थांबवायचं आणि ट्रे हवेशीर जागी न्यायचा, म्हणजे बाकीची वाचण्याची शक्यता राहते.

मी वरून पाणी घालतच नाही. परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवायचा, वरची माती ओली दिसली की उचलायचा. पुन्हा पाणी कधी? ट्रे हाताला हलका लागला की. आणि जुन्या कुंडीतली माती रोपांसाठी वापरायची नाही; कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत पुरतं.

दुसरी खोड म्हणजे बी उकरून बघणं. २५ ते ३० अंश तापमानात टोमॅटो साधारण आठवड्यात वर येतो, मिरचीला दोन आठवडे लागू शकतात. थंडीत त्याहूनही जास्त. तिसऱ्या दिवशी काडीने उकरलंत तर नुकतं फुटलेलं मूळ तुटतं आणि मग "बी खराब होतं" म्हणून खापर विकणाऱ्यावर. धीर नसेल त्याने सरळ तयार रोप आणावं.

ओल्या टिश्यूत मोड आणणाऱ्यांनी एवढंच करावं: मूळ अर्धा सेंटीमीटर झालं की लावायचं. ते कागदात घुसलं असेल तर ओढू नका, तेवढ्या कागदासकट लावा.

बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा फार खोल नको. कोंब दिसल्याबरोबर उजेड हवा, नाहीतर रोप लांबुडकं होऊन लवंडतं. खत? खरी पानं, म्हणजे उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची, येईपर्यंत अजिबात नाही. चिमूटभर युरियाने काही होत नाही म्हणणाऱ्यांची रोपं मी पाहिली आहेत.

आता रोप हलवणं. चार-पाच खरी पानं आली की हलवायचं, पण आधी आठवडाभर त्याला बाहेरची सवय लावायची: पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग वाढवत जायचं. खिडकीत वाढलेलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं की पानं पांढरी पडतात. लोक त्यालाही रोग समजून फवारण्या करतात. मी संध्याकाळीच लावतो. ट्रे आधी भिजवायचा, खालून दाबून मातीच्या गोळ्यासकट रोप काढायचं, धरायचं ते पानाला. पान तुटलं तर नवं येतं, देठ चेंगरला तर संपलं. मुळांची माती झटकून, धुऊन लावणारे महाभागही आहेत. त्यांना काय सांगणार? टोमॅटो खालची पानं काढून खोल लावला तरी चालतो, त्याच्या देठालाही मुळं फुटतात. मिरची ट्रेत होती तेवढ्याच खोलीवर लावावी.

काकडी, दोडका, भोपळा यांना मुळं दुखावलेली खपत नाहीत. त्यांचं बी थेट कुंडीतच टाकावं, एका जागी दोन. दोन्ही उगवली तर कमजोर रोप कात्रीने बुडाशी कापायचं. उपटायला गेलात तर शेजारच्याची मुळंही हलतात.