दिवसभर माणसांत असता? मग पाच मिनिटं एकट्यासाठी अशी काढा

मी शाळेत शिकवते. मुलं मनापासून आवडतात, तरी पाचव्या तासापर्यंत माझे शब्द अडखळायला लागायचे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गप्पा रंगायच्या आणि मी आणखीच दमायची. आपण माणूसघाण्या आहोत की काय, असं वाटायचं. तसं नसतं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला, तो मनाचा ओढा आत आहे की बाहेर, यावरून. माणसं आवडतात की नाही, हा प्रश्नच वेगळा.

पहिलं काम जागा हेरण्याचं. दोन मिनिटांत पोहोचता येईल आणि कुणी हाक मारणार नाही, अशी. मला प्रयोगशाळेमागचा जिना सापडला. तिसरी पायरी दुपारीही गार असते, समोर कडुनिंब आहे. स्वच्छतागृहात जाऊन बसू नका. तिथे सगळं लक्ष दाराकडे राहतं.

मग वेळ बांधून घ्या. पार थकल्यावर उठलात तर पाच मिनिटं पुरत नाहीत. मी दुसऱ्या तासानंतर जाते आणि मधल्या सुट्टीची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवते.

फोन पर्समध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की पुन्हा माणसंच.

बसल्यावर आधी लांबचं काहीतरी बघा, दिवसभर वह्यांवर खिळलेले डोळे सैलावतात. मग चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. दहा वेळा पुरे. डोक्यात विचार येतील, येऊ देत. त्यांना हाकलत बसलात तर तेही एक कामच होतं.

सगळ्यात अवघड म्हणजे लोकांना सांगणं. मी काही न बोलता उठायचे, तेव्हा एका सहकारी बाईंनी विचारलं, "आमचं काही चुकलं का हो?" मला फार वाईट वाटलं. आता डबा सगळ्यांबरोबरच खाते, भाजीची देवाणघेवाण होते, आणि मग "जरा शांत बसून येते" म्हणून उठते. खोटं कारण देऊ नका, ते रोज नवं शोधावं लागतं.

ऑफ म्हणजे मोकळ्या तासाला गैरहजर शिक्षकांचा बदली तास आला, तर वर्गातच पाच मिनिटं मूकवाचन द्या. पहिल्यांदा दिलं तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका अबोल मुलीने तास संपताना हळूच विचारलं, "बाई, उद्यापण?"