काचेला चिकटलेला फोटो ओढू नका

वर्सोव्याच्या घरात आजोबांचा फोटो होता: होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर उभे, कोळ्यांचा सुरका नेसलेले. काच पुसायची म्हणून मी भर पावसाळ्यात फ्रेम उघडली, फोटो ओढला आणि आजोबांचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगतो, चिकट होतो आणि काच धरून बसतो.

म्हणून आधी काचेसकटच स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. स्कॅनर नसेल तर खिडकीशी बसा, उजेड बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट बंद. काळ्या ओढणीला भोक पाडून त्यातून मोबाइलचा कॅमेरा बाहेर काढा, म्हणजे काचेत तुमचंच तोंड दिसत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बुरशी ओली असताना पुसू नका, पसरते. सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या, मग मऊ ब्रशने घराबाहेर झटका, तोंडाला मास्क लावून. उन्हात नाही. वलांडीवर टाकायला फोटो म्हणजे बोंबील नव्हे. लॅमिनेशन तर अजिबात नको.

साल हवं असेल तर मागचा स्टुडिओचा शिक्का बघा. सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं ‘बॉम्बे’ आणि पुढे एक-दोन आकडे असतील तर बहुधा आधीचा. पण जुना शिक्का वर्षानुवर्षं मारणारेही असतात, तेव्हा थोडं मागेपुढे धरा.

नावांसाठी म्हाताऱ्यांकडेच जावं लागतं. ‘हा कोण?’ असं विचारू नका, ‘काय माहीत’ एवढंच उत्तर मिळेल. आमच्या आत्याने चेहऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. जाळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “सुताचं हाय, नायलॉनचं नाय. तुजा बापूस तवा जल्माला नव्हता.” मग होडी कुणाची, तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या कोण, कुणाचं लग्न कधी, सगळं आपोआप निघालं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. नावं फोटोमागे कडेला, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. दोघींनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं त्यासकट.

ती काच मी टाकली नाही. काच आणि फोटो वेगवेगळे स्कॅन करून भाच्याने कॉम्प्युटरवर जोडले. सांधा आजोबांच्या मिशीतून जातो.